जाऊबाईंपुढचं रडणं

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होते आणि समोर कुणाचा तरी पांढरा शर्ट पसरलेला होता. "झालं," तो म्हणाला. "नोकरी पक्की. राहायला जागाही देतायत. दोन खोल्या." मी नुसतं "बरं" म्हणाले, इस्त्री उभी करून ठेवली, मागच्या कोठीत गेले, दार लावून घेतलं आणि धुऊन टांगलेल्या कोटांच्या रांगेत चक्क नाचले. या वयात, या गुडघ्यांनी. एका लांब काळ्या कोटाच्या दोन्ही बाह्या धरून त्याच्याबरोबर एक गिरकीसुद्धा मारली. कोट एका वकिलाचा होता. कोटाने कुठे जाऊन सांगितलं असतं म्हणा.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. दुकान दोघा भावांचं. थोरले म्हणजे माझे मोठे दीर, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, आणि धाकटा माझा नवरा. दादांना पक्षाघात झाला त्याला आता बराच काळ लोटला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दोन शब्द तेवढे शिल्लक राहिले, "बरं बरं". भूक लागली की बरं बरं, चिडले की बरं बरं, खिडकीतून ओळखीचं माणूस दिसलं तरी बरं बरं. त्यातला फरक जाऊबाईंना नेमका कळतो, मला निम्माशिम्मा कळतो, आणि माझ्या नवऱ्याला काडीचा कळत नाही. तो आपला प्रत्येक वेळी पाणी आणून देतो.

नवऱ्याची नवी नोकरी समुद्रकाठच्या एका हॉटेलात होती, धुलाई विभागाचा प्रमुख म्हणून. पण मला त्या पदाशी काही देणंघेणं नव्हतं. मला हव्या होत्या त्या दोन खोल्या. लग्न झाल्यापासून मी नवऱ्याशी कधी मोठ्याने भांडलेले नाही, कारण भिंतीपलीकडे कुणी ना कुणी असतंच. आधी सासू-सासरे होते, मग नणंद बाळंतपणाला आली ती राहिलीच, ती गेली तर दादा पडले. आमची भांडणं कुजबुजत होतात. कुजबुजत भांडून माणसाचं समाधान होत नाही, हे ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. मोठ्याने भांडायचं, मोठ्याने हसायचं, दुपारी दार लावून झोपायचं, आणि कुणाची कूस बदलायची वेळ झाली का हे घड्याळात बघायचं नाही, एवढीच माझी सुखाची कल्पना होती.

कूस बदलण्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलेलं होतं. दादा अंगाने चांगले भरलेले. त्यांना दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर करावं लागतं, नाहीतर पाठीला आणि खुब्याला जखमा होतात. त्यांच्या अंगाखाली एक आडवी चादर असते. एका बाजूने जाऊबाई धरतात, दुसऱ्या बाजूने मी, जाऊबाई "हं" म्हणतात आणि दादा अलगद वळतात. आम्ही दोघींनी समोरासमोर उभं राहून इतक्या चादरींच्या घड्या घातल्यात की आमच्या हातांना एकमेकींचा अंदाज आहे. तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दवाखान्यातसुद्धा इतकं नीट होत नाही. पण हे एकटीचं काम नव्हे. एकटीने ओढलं की चादर अंगाखाली घासते, कातडी सोलते, आणि एकदा जखम झाली की भरता भरत नाही.

म्हणजे मी गेले की दादांच्या पाठीला जखमा होणार. इतकं सरळ होतं ते. नवरा म्हणायचा, "पगारातून दर महिन्याला पैसे पाठवू, वहिनींना मदतीला एक बाई ठेवू." पण हे तो माझ्याशी बोलायचा, वहिनींशी नाही. वहिनींसमोर गेला की त्याला दाराची कडी तपासायचं आठवायचं.

मी मात्र सरळ सांगायचं ठरवलं होतं. जिना चढताना वाक्य तोंडात तयार होतं: ताई, ह्यांना नोकरी लागली, आम्ही जातोय, आणि मला फार आनंद झालाय. वर गेले तर जाऊबाई दादांच्या हनुवटीवर सांडलेलं सूप पुसत होत्या. एक हात त्यांच्या मानेखाली, दुसऱ्या हातात फडकं. त्यांनी मान वर करून पाहिलं. "आलीस? बरं झालं. कूस बदलायचीय."

आणि माझा चेहरा पडला. मी पाडला नाही, त्या पहिल्या वेळी तो आपोआप पडला. पुढच्या सगळ्या वेळी मी पाडला.

"काय गं? काय झालं?"

"ह्यांना नोकरी लागली. बाहेरगावी."

"मग?"

"मग काय. जावं लागणार. हे ऐकतच नाहीत."

जाऊबाईंनी फडकं खाली ठेवलं, माझ्याकडे आल्या आणि माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. त्यांच्या अंगाला डाग काढायच्या औषधाचा वास येत होता, नेहमी येतो तसा. "वेडी कुठली," त्या म्हणाल्या. "रडतेस काय? माझं मी बघेन. रडू नकोस गं धाकटे." मग माझी पाठ थोपटली, म्हणाल्या, "चल, आधी चादर धर." आम्ही दादांना वळवलं. माझ्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी येत होतं. सुटल्याचं पाणी होतं ते. पण पाण्याचा काय रंग असतो? जाऊबाईंना ते दुःखाचं दिसलं आणि मी दिसू दिलं.

रडण्याचं एक वाईट असतं. एकदा सुरू केलं की निभवावं लागतं. मी जिन्यात सुस्कारे टाकायला लागले. जेवताना दोन घास कमी खायचे आणि मग कोठीत जाऊन बिस्किटं खायची. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांनी विचारलं की म्हणायचं, "काय करणार, त्यांच्या मनात आलंय." एकीकडे हे, आणि दुसरीकडे इस्त्रीच्या टेबलाखालच्या खोक्यात मी नव्या खोल्यांच्या पडद्यांचं कापड आणून ठेवलं होतं. निळसर, बारीक पांढऱ्या रेघांचं. जाऊबाई वर गेल्या की मी ते काढून गालाला लावून बघायची. कापड गालाला लावून काय कळतं, विचारू नका.

मनाला मी समजावत होते की हे सगळं जाऊबाईंसाठीच आहे. ज्यांच्या घरात इतकं दुःख आहे त्यांच्यापुढे आपलं सुख कशाला मिरवायचं? निदान जाताना तरी त्यांना वाटू दे की ही नाइलाजाने गेली. ऐकायला किती छान वाटतं. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटायचं मधूनमधून. मग जिन्यावर जाऊबाईंची पावलं वाजली की घाईघाईने कापड खोक्यात कोंबायची.

बिचाऱ्या नवऱ्याची मात्र फुकट बदनामी झाली. जाऊबाई त्याच्याशी तुटक बोलायला लागल्या. चहा सगळ्यांना मिळायचा, त्याला मागावा लागायचा.

"वहिनी माझ्याकडे असं बघतात, जसं काही मी तुला विकायला चाललोय," तो एकदा कुजबुजला.

"बघू देत."

"पण अर्ज कर, अर्ज कर म्हणून मागे कोण लागलं होतं?"

"मी."

"मग मला का खलनायक केलंस?"

"तुझ्यावर खपून जातं म्हणून. पुरुष हट्टी असतो हे सगळ्यांना पटतं."

त्याचं सगळं आयुष्य असंच गेलंय, त्यामुळे त्याला फारसं लागलं नसावं.

त्याच सुमारास दुकानात एक गिऱ्हाईक आलं. चांगला फिकट रंगाचा कोट, छातीवर तपकिरी डाग. हे गृहस्थ आदल्या आठवड्यात म्हणाले होते, चहा सांडलाय. डाग काढण्याचं काम जाऊबाईंचं. चहाचं म्हणून त्यांनी जे लावायचं ते लावलं, वाफ दिली आणि डाग होता त्याहून गडद झाला. आता गृहस्थ आवाज चढवत होते. जाऊबाईंनी कोट नाकाशी नेला. "खरं सांगा, हा चहा नव्हता." गृहस्थ इकडेतिकडे बघायला लागले. शेवटी पुटपुटले, "रक्त होतं. नाकातून आलं. म्हटलं, उगाच प्रश्न नकोत." जाऊबाई हसल्या. "अहो, रक्ताला गार पाणी पुरलं असतं. तुम्ही लाजलात आणि मी त्याला शिजवून ठेवलं. आता निघायचं नाही ते." त्यांच्या मनात काही नव्हतं. त्या कोटाबद्दलच बोलत होत्या. पण माझे कान गरम झाले, आणि मी वाळलेले टॉवेल आणण्याच्या निमित्ताने मागे सटकले.

मी सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. पण जितके दिवस जात होते तितकं ते जड होत होतं. आधी फक्त आनंद झालाय एवढंच सांगायचं होतं. आता मी खोटं रडले हेही सांगावं लागणार होतं.

मग ती दुपार आली. जेवणाच्या वेळी दुकान बंद असतं. मी एका गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला गेले होते आणि लवकर परत आले. मागच्या दाराने आत शिरले तर धुलाईच्या खोलीतून आवाज येत होता. मला वाटलं, जाऊबाई कुणाशी बोलतायत. मी दारातून डोकावले.

घड्या घालायच्या मोठ्या टेबलावर जाड कापडाचं पोतं आडवं ठेवलं होतं. आत ओले टॉवेल ठासून भरलेले, टेबलावरून पाणी ठिबकत होतं. पोत्याखाली आडवी चादर. चादरीचं एक टोक खांबाच्या आकड्याला गाठ मारून बांधलेलं आणि दुसरं जाऊबाईंच्या हातात. एक गुडघा टेबलावर टेकवून त्या ओढत होत्या. "चला हो, थोडं तिकडे," त्या पोत्याला म्हणाल्या. "अंग सैल सोडा बघू." पोतं अर्धं वळलं आणि परत जागेवर आलं. त्यांनी हात पुसले, पुन्हा ओढलं. या वेळी ते वळलं, वळतच राहिलं, आणि पलीकडून धप्पकन जमिनीवर पडलं.

जाऊबाई वाकून बघत राहिल्या. मग हसल्या. "पडलात ना? सांगत होते," त्या म्हणाल्या, आणि हळूच खाली उतरून त्या पोत्याला टेकून फरशीवर बसल्या. दम लागला होता त्यांना. हाताचे तळवे उघडून त्या बघत होत्या.

मी आत गेले नाही. मला जाता आलं असतं, दोन पावलांवर होते. त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगून टाकायचं होतं, आणि मी पावलं न वाजवता मागे फिरले, वळसा घालून पुढच्या दाराशी गेले आणि शटर मुद्दाम खडखडवत उघडलं. आत आले तेव्हा टेबल पुसलेलं होतं. "लवकर आलीस," जाऊबाई म्हणाल्या. "हो," मी म्हणाले, "ऊन फार आहे." एवढ्यावर भागलं. माझी मलाच शिसारी आली. पण खरं सांगायचं तर त्या शिसारीतही थोडा दिलासा होता. मला एवढं वाईट वाटतंय म्हणजे मी काही अगदीच वाईट नाही, असा.

संध्याकाळी मी त्यांचे पाय चेपून दिले. दादांची नखं कापली. न सांगता सगळी भांडी घासली. जाऊबाई शेवटी म्हणाल्या, "तुला काही मागायचंय का माझ्याकडे?"

"नाही हो ताई."

"मग जा, झोप. डोळे बघ कसे झालेत तुझे."

त्यानंतरच्या आठवड्यात हॉटेलवाल्यांनी कळवलं की सोमवारपर्यंत येतोय म्हणून पक्कं सांगा, नाहीतर दुसऱ्या माणसाला घेऊ. शनिवारी मी आमच्या दुकानाच्या गाडीवाल्याबरोबर एका मोठ्या घराचे धुतलेले पडदे लावून द्यायला गेले. गाडीवाला मला सोडून मध्येच परत गेला. म्हणाला, ताईंनी बोलावलंय. मी चालत आले. कोपऱ्यावरूनच दादांचा आवाज ऐकू आला. "बरं बरं! बरं बरं!" असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हा कळायला जाऊबाईंची गरज नव्हती. माणूस ओरडत होता.

धावत वर गेले. पुढच्या खोलीत दादा नव्हते. दादांचा पलंग जिथे होता तिथे फरशीचा चौकोन उजळ दिसत होता. खिडकी सताड उघडी, केर काढलेला. आणि मधोमध आमचा पलंग, आमचं कपाट, माझी शिवणाची पेटी. मागच्या खोलीत, म्हणजे आमच्या खोलीत, दादांचा पलंग कसाबसा कोंबला होता. त्या खोलीला एकच खिडकी, आणि ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. दादा दिवसभर त्या पुढच्या खिडकीतून रस्ता बघायचे. तेवढंच त्यांचं करमणुकीचं साधन होतं. आता ते भिंतीकडे बघत ओरडत होते, आणि आमचे इस्त्रीवाले काका आणि गाडीवाला घाम पुसत बाजूला उभे होते.

जाऊबाईंचा चेहरा लाल झाला होता. पण किती महिन्यांनी मी त्यांना इतकं खुललेलं पाहत होते. त्यांनी काकांना आणि गाडीवाल्याला खाली चहाला पाठवलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"तुला जावं लागणार नाही," त्या म्हणाल्या. "मी भाऊजींशी बोलले. हात जोडले त्यांना. आजवर कुणापुढे जोडले नव्हते, पण म्हटलं, तिचा जीव इथे आहे, रोज रडते ती, तिला ओढून नेऊ नका. खोलीची अडचण असेल तर मोठी खोली घ्या. दुकानात मान हवा असेल तर गल्ल्यावर तुम्ही बसा, मी मागे बघेन. ते 'बरं' म्हणाले. सोमवारी नाही म्हणून कळवणार आहेत." मग दादांकडे वळून, "ओरडू नका हो. होईल सवय. तिच्यासाठी एवढं करायचं नाही आपण?"

माझ्या मनात पहिला विचार आला तो दादांच्या खिडकीचा नव्हता. जाऊबाईंच्या जोडलेल्या हातांचाही नव्हता. माझ्या दोन खोल्या गेल्या, हा होता.

मी जिन्याशी गेले. नवरा तिथेच पायरीवर बसला होता.

"तू हो म्हणालास?" मी कुजबुजले.

"वहिनी रडत होत्या. माझ्यासमोर. हात जोडून."

"मग खरं का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू खोटं रडत होतीस म्हणून? ते तुझं तू सांग." पहिल्यांदाच तो कुजबुजत नव्हता. "मी तुझा खलनायक झालो. आता साक्षीदार होणार नाही."

मी परत आत गेले. तो मागोमाग येऊन दारात उभा राहिला. जाऊबाई दादांच्या डोक्याखालची उशी नीट करत होत्या. दादा थकून गप्प झाले होते.

"ताई, मला जायचंय."

"अगं, म्हणून तर सांगतेय, आता नाही जावं लागणार."

"जावं लागतंय असं नाही, मला जायचंय. मला आनंद झालाय. पहिल्या दिवसापासून झालाय. ह्यांचा हट्ट नव्हता. मीच मागे लागून अर्ज करायला लावला."

जाऊबाईंनी उशीवरचा हात काढला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. उशीकडे बघतच म्हणाल्या, "मग रडत कशाला होतीस?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

त्यांनी त्यावर खरोखर विचार केला. जाऊबाई तशाच आहेत. समोरच्याने काही सांगितलं की आधी ते खरं असेल असं धरून चालतात. "पण मला वाईटच वाटलं," त्या म्हणाल्या. "रोज वाटलं. तुझं वाईट वाटलं. माझं होतं ते बाजूला ठेवलं आणि तुझं वाटून घेतलं."

"माझं चुकलं ताई. मला माफ करा."

"माफीचं राहू दे." आता त्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "तू हसत आली असतीस ना, तर मी जळले असते. खोटं कशाला बोलू. चार दिवस तुझ्याशी बोललेही नसते. पण मग तुझ्याकडे मागितलं असतं. हक्काने. म्हटलं असतं, तू चाललीस सुखात, मला हे हे देऊन जा. रडणाऱ्याकडे काय मागणार? रडणाऱ्याला आपणच द्यायचं असतं. म्हणून मी ही खोली दिली तुला."

त्यांनी आरोप केला नव्हता, जे झालं ते सांगितलं होतं. आणि मला कळलं की मला नेमकं तेच हवं होतं. त्यांनी काही मागू नये, हे. इतके दिवस जिन्यात टाकलेला प्रत्येक सुस्कारा त्यासाठी होता. मी त्यांचं तोंड बंद करत होते आणि त्याला दया म्हणत होते.

"मग आता मागा," मी म्हणाले. मोठ्या धिटाईने म्हणाले, कारण काय मागतील ते मला माहीत आहे असं वाटत होतं. "मदतीला बाई ठेवायची, तिचे पैसे आम्ही पाठवणार. ते आम्ही ठरवलंयच."

"ते तर पाठवाच. ते भावाचं भावासाठी आहे." जाऊबाईंनी दाराकडे पाहिलं, आणि माझ्या नवऱ्याने पटकन मान हलवली. "माझं वेगळं आहे."

"काय?"

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मागायची सवय नसलेलं माणूस जसं बसतं, तशा. "तिथे खोलीतून समुद्र दिसतो म्हणे."

"एका खिडकीतून."

"नाही दिसला तरी चालेल. मला तिथे येऊन झोपायचंय. आठ दिवस. दर तीन महिन्यांनी. भाऊजींनी मला उठवायचं नाही. चहा झालाय म्हणूनसुद्धा नाही. आणि ते आठ दिवस तू इथे यायचंस. बाई नवखी असेल, तिच्यावर ह्यांना सोडून मला झोप लागायची नाही. तू इथे असलीस की लागेल."

हो म्हणायचं होतं. एवढंसं मागणं होतं. त्या बाईने मला घरातली उजेडाची खोली दिली होती आणि मागत होती ती झोप. पण तोंड उघडायच्या आधी माझ्या डोळ्यांपुढे माझा पलंग आला, माझे निळसर पडदे आले, आणि त्या पडद्यांमागे आडव्या झालेल्या जाऊबाई. आणि मी इथे, डाग काढायच्या औषधाच्या वासात, घड्याळाकडे बघत. वर्षातून चार वेळा. मग डोकं आपोआप चालायला लागलं: नवीन नोकरीत ह्यांना एकटं कसं सोडायचं, मलाही तिथे काम मिळालं तर रजा कोण देईल, आठ दिवसांचे पाच करता येतील का, चार वेळांच्या दोन. भाजीच्या गाडीवर करते तशी घासाघीस मी मनात करत होते, आणि जाऊबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. या वेळी मी तो झाकला नाही. झाकायचं भानच राहिलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

जाऊबाई उठल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "भाऊजी, काकांना वर बोलवा. चहा झाला असेल तर हा पलंग परत खिडकीपाशी न्यायचाय." मग माझ्याकडे वळल्या.

"मी पहिल्याच महिन्यात येईन," त्या म्हणाल्या. "तू विसरायच्या आत."